बसलं की मागून उतरते, आसनात उसवते: मुलांच्या प्रिंटेड पॅन्टचं जुनं दुखणं

उभं असताना पॅन्ट छान दिसते. मूल खाली बसलं की कंबर मागून दोन-अडीच इंच खाली येते, पाठ उघडी पडते. दोन आठवड्यांत आसनाची, म्हणजे दोन पायांच्या मधली, शिवण उसवते. पुन्हा टीप मारली की तिथेच पुन्हा उसवते. मी गेली ९ वर्षं घरी लहान मुलांचे कपडे शिवते आहे, आधी स्वतःच्या मुलांचे, आता भाचरांचे आणि सोसायटीतल्या छोट्यांचेही. पॅन्टबद्दल मला विचारायला येणाऱ्या बहुतेकींचा प्रश्न हाच असतो. बरेचदा सोबत ती उसवलेली पॅन्टही असते, हत्तींची, मोटारींची, नाहीतर आंब्याच्या फोडींची. एवढ्या हौसेने आणलेलं कापड वाया गेलेलं बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी स्वतः यात वर्षभर अडकले होते. मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. रविवार पेठेतल्या कापडगंजातून पिवळ्यावर निळे हत्ती असलेलं कॉटन आणलं होतं. बालवाडीच्या बाई एक दिवस म्हणाल्या, "ताई, ती सतरंजीवर बसली की सारखी पॅन्ट मागून वर ओढत असते. गाण्याकडे लक्षच लागत नाही तिचं." ते मनाला लागलं. घरी येऊन आधी इलॅस्टिक इंचभर कमी केलं. पोटावर लाल वळ उठला आणि पॅन्ट तरीही उतरतच राहिली. मग आसन दोन इंच खाली घेतलं, म्हणजे जागा होईल. त्या पॅन्टमध्ये तिला पर्वतीवर नेलं. १०३ पायऱ्यांपैकी पंधरा-वीस चढतानाच कळलं की पाऊल उचललं की कापड मांडीला ओढतंय. दोन्ही उपाय उलटे होते. इलॅस्टिक घट्ट करून कापड लांब होत नाही. आणि नुसतं आसन खाली आणलं की दोन्ही पाय एकमेकांना बांधल्यासारखे होतात.

आधी उसवलेली जागा नीट बघा

टीप मारायला बसण्याआधी पॅन्ट उलटी करून उजेडात धरा. दोरा तुटलाय की कापड फाटलंय, एवढंच आधी ठरवा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

नुसता दोरा तुटला असेल आणि कापड धड असेल, तर शिवण कमकुवत आहे. आसनाच्या वळणाचा काही भाग उरेब पडतो, म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरका. तिथे कापड थोडं ताणतं, साधी सरळ टीप तेवढी ताणत नाही, आणि दोरा तुटतो. सुती दोरा असेल तर लवकरच.

कापडच शिवणीलगत विरलं किंवा फाटलं असेल, तर पॅन्टला तिथे कापड कमी आहे. दुप्पट टिपा मारून काही होणार नाही, पुढच्या वेळी शिवणीच्या बाजूला फाटेल. यात एक पोटप्रकार आहे. सुईच्या भोकांची रांग दिसते आणि कापड त्या रांगेवरच कापल्यासारखं सुटतं. जीन्सचं काही शिवून झाल्यावर १६ किंवा १८ नंबरची सुई मशीनला तशीच राहिली असेल, किंवा सुई बोथट झाली असेल, तर हे होतं. कॅम्ब्रिक, पॉपलीनला १४ नंबर पुरते. काही स्वस्त छपाईच्या कापडांवर रंग वरच बसलेला असतो, हाताला जाडसर, जरा कडक लागतो. अशा कापडाला ही भोकं लवकर मोठी होतात. नखाने घासून बघावं, पांढरट ओरखडा उठला तर ते कापड फ्रॉकला किंवा पिशवीला घ्या, पॅन्टला नको.

मागून उतरणं आणि आसनात फाटणं ही दोन दुखणी वाटतात, पण मूळ एकच आहे. मागच्या भागाला कमरेपासून दोन पायांच्या मधल्या सांध्यापर्यंत पुरेशी लांबी नाही. मूल बसलं की पाठीमागचा भाग गोल होतो, त्याला जास्त कापड लागतं. ते वरून मिळालं तर कंबर खाली येते. इलॅस्टिक घट्ट असल्यामुळे वरून मिळालं नाही तर शिवण ताणली जाते आणि उसवते. म्हणून माझ्या मुलीची इलॅस्टिक घट्ट केलेली पॅन्ट उतरली तर कमी, पण उसवली मात्र लवकर.

कापड कमी का पडतं

पहिलं कारण जुनी पॅन्ट. आपण सगळ्याजणी तेच करतो. मुलाची अंगात बसणारी लोअर घेतो, मधोमध दुमडतो, कागदावर ठेवतो आणि भोवतीने पेन्सिल फिरवतो. पण ती लोअर बहुधा होजिअरीची असते, ताणली जाणारी. तिला बसताना लागणारी लांबी कापडाच्या ताणातूनच मिळते. तिचा आकार जसाच्या तसा कॅम्ब्रिकवर आला की ताण नाहीसा होतो आणि पॅन्ट अडते. शिवाय दुमडून ठेवलेल्या पॅन्टमध्ये कमरेला इलॅस्टिकने कापड गोळा झालेलं असतं, आणि मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच असतो तो आत दडतो. पेन्सिल फिरते ती पुढच्या भागाभोवतीच. मग पुढचा आणि मागचा भाग एकाच मापाचे कापले जातात. इथेच निम्मी पॅन्ट बिघडते.

दुसरं कारण मला फार उशिरा कळलं, आणि प्रिंटेड कापडाच्या बाबतीत तेच सगळ्यात मोठं आहे असं मला वाटतं: कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी.

हिशेब मांडते. सीट, म्हणजे बसण्याच्या भागाचा घेर, २२ इंच असलेलं मूल घ्या. प्रत्येक भागाला सीटचा चौथा हिस्सा साडेपाच इंच, त्यात ढिलाई १ इंच. पुढच्या भागाला आसनाचं आत जाणारं टोक सव्वा इंच, मागच्याला अडीच इंच. दोन्ही बाजूंच्या शिवणींना मिळून माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड, १ इंच. म्हणजे पुढचा तुकडा आसनाच्या रेषेवर पावणेनऊ इंच आणि मागचा दहा इंच. असे दोन-दोन तुकडे, एकूण साडेसदतीस इंच. ४४ इंची पन्ह्यात हे आरामात बसतं. ३६ इंची पन्ह्यात बसत नाही, दीड इंच कमी पडतो, आणि दोन्ही काठांचा अर्धा इंच धरला तर दोन इंच.

साधं कापड असेल तर अडचण येत नाही. एक तुकडा उलटा फिरवून ठेवायचा, टोकाच्या खाली टोक जातं, भागतं. पण हत्तींचं प्रिंट एकाच दिशेचं असतं. तुकडा उलटा ठेवला तर एका पायावर हत्ती डोक्यावर उभे राहतात. ते कोणालाच नको असतं. मग कात्री हातात असताना आपण म्हणतो, मागचं टोक जरा कमी केलं तर बसतंय की. दोन्ही मागच्या तुकड्यांचं टोक इंच-इंच कमी होतं, सगळे हत्ती सरळ उभे राहतात, आणि नेमकं बसायला लागणारं कापड जमिनीवर चिंध्यांत पडतं. साध्या कापडाची पॅन्ट मुलाला नीट होते आणि हौसेने आणलेल्या प्रिंटची होत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या चिंध्या बघाव्यात.

म्हणून कापड घेताना दुकानदाराला आधी पन्हा विचारा. या मापाच्या मुलाला पॅन्टची उंची २२ इंच धरली तर नेफा (इलॅस्टिक घालायची कमरेची दुमड), खालची दुमड आणि वाढीव माया मिळून २७-२८ इंच लागतात. एकाच दिशेचं प्रिंट ४४ पन्ह्याचं असेल तर पाऊण मीटर पुरेल. ३६ पन्ह्याचं असेल तर दोन उंच्या घ्याव्या लागतात, म्हणजे साधारण दीड मीटर. उरलेल्यातून झबलं, टोपी, रुमाल काहीही होतं. कटपीसच्या ढिगातला पाऊण मीटरचा ३६ पन्ह्याचा तुकडा कितीही गोड असला तरी त्याची चड्डी शिवा, किंवा मागच्या भागाला साधं कापड जोडीला घ्या. पुढे प्रिंट आणि मागे साधा गडद रंग ही जोडी मला तर आवडते. बसून मळतं तेही मागेच.

तिसरं कारण छोटं आहे पण त्याने पुष्कळ पॅन्ट बिघडतात. नवं कॉटन न भिजवता कापणं. पहिल्या धुण्यात सुती कापड ३ ते ५ टक्के आटू शकतं आणि सहसा उभ्या धाग्यात जास्त आटतं. मागची लांबी अकरा इंच असेल तर त्यातला अर्धा इंच इथेच गेला. "पहिल्यांदा घातली तेव्हा बरोबर होती" असं म्हणणाऱ्यांनी हे कारण आधी धरावं. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा, ओलसर असताना इस्त्री करा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत, तेव्हा पंख्याखाली टाकून शेवटचा ओलावा इस्त्रीने काढावा लागतो. कंटाळा येतो, पण ही पायरी टाळू नका. गडद लाल किंवा निळं प्रिंट वेगळं भिजवा, रंग किती जातो तेही कळतं.

माप उभं राहून नव्हे, बसून

आपली मुलं खुर्चीपेक्षा जमिनीवर जास्त असतात. मांडी घालून जेवतात, उकिडवी बसून खेळतात, पेशवे उद्यानात घसरगुंडीवर चढतात. म्हणून मागचं माप बसून घ्यायला हवं.

मुलाच्या कमरेला नाडी बांधा, बेंबीच्या जरा खाली, जिथे पॅन्ट राहणार आहे तिथे. मग त्याला उकिडवं बसवा. टेप मागे नाडीपासून सुरू करून मधोमध खाली दोन पायांच्या सांध्यापर्यंत न्या. मूल स्थिर बसत नाही, हातात खेळणं द्या आणि दोनदा मोजा. माझ्या मुलाचं हे माप उभं असताना साडेनऊ इंच होतं आणि उकिडवं बसल्यावर अकरा. उभ्या मापाने शिवलेल्या पॅन्टमध्ये हा दीड इंचच नसतो. लंगोट किंवा डायपर घालणारं बाळ असेल तर तो घालूनच मोजा.

आता कागदावर. नवा बेत, म्हणजे कापण्याचा कागदी नमुना, काढायची गरज नाही, तुमच्याकडचाच दुरुस्त होतो. मागच्या भागाच्या कागदावर सीटच्या रेषेला, म्हणजे आसनाचं वळण जिथे सुरू होतं त्याच्या जरा वर, मधल्या शिवणीपासून बाजूच्या शिवणीपर्यंत आडवी रेघ मारा. मधल्या बाजूने कापत जा आणि बाजूच्या शिवणीजवळ एक सूत (इंचाचा आठवा भाग) कागद न कापता सोडा. आता वरचा भाग त्या बिजागरीवर फिरवून मधल्या बाजूला जेवढी लांबी कमी आहे तेवढी फट उघडा, माझ्या मुलाच्या बाबतीत दीड इंच. खाली दुसरा कागद चिकटवा आणि मधली रेघ हलक्या वळणाने जुळवून घ्या. बाजूच्या शिवणीची लांबी बदलत नाही, त्यामुळे पुढचा भाग तसाच जोडला जातो. कंबर मागे उंच आणि बाजूला उतरती दिसेल, ती तशीच हवी. इथे घाबरून ती रेघ सरळ करणाऱ्या खूप जणी मी पाहिल्या आहेत. कृपा करून करू नका, सगळी मेहनत त्या एका कापण्यात जाते.

मग आसनाचं टोक तपासा. मागचं टोक पुढच्याच्या जवळपास दुप्पट हवं. सारखं असेल तर मागचं वाढवा, आणि ते खाली नको, आडवं वाढवा. पर्वतीच्या पायऱ्यांवर माझी चूक हीच होती, मी खोली वाढवली आणि रुंदी तशीच ठेवली.

एक काम मी आता कधीच टाळत नाही. नव्या बेताची पहिली पॅन्ट जुन्या चादरीची शिवते, कच्च्या टाक्यांनी, कमरेला साधं इलॅस्टिक घालून. मुलाला घालते आणि त्याला उकिडवं बसायला, मांडी घालायला आणि पलंगावर चढायला सांगते. अर्ध्या तासाचं काम आहे. चादरीवर चूक सापडली तर हत्ती वाचतात.

कापताना प्रिंटकडेही जरा बघा. मोठं चित्र असेल तर मागच्या मधल्या शिवणीवर चेहरा अर्धा कापला जाणार नाही असा कागद सरकवा. काही कापडांवर छपाईच तिरकी असते, चित्रांची ओळ आडव्या धाग्याशी जुळत नाही. थोडी तिरकी असेल तर धाग्याप्रमाणे कापा, चित्रांप्रमाणे नको, नाहीतर पॅन्ट धुतल्यावर पायाला पीळ बसतो. फारच तिरकी असेल तर ते कापड घेऊच नये.

शिवताना

दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी आधी पूर्ण करा. मग एक पाय सुलटा करून दुसऱ्यात घाला, सुलट बाजूला सुलट बाजू, आणि आसनाची शिवण पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत एका दमात मारा. आधी आसन आणि मग पाय असं शिवलं तर सांध्यावर शिवण आडवी दुमडते आणि तिथेच जोर येतो.

दोरा पॉलिस्टरचा घ्या. टाका लहान, इंचात १२ पर्यंत. वळणावर कापड दोन्ही हातांनी पुढे-मागे किंचित ताणून धरा, म्हणजे दोऱ्याला थोडी सवड राहते. बारीक झिगझॅग असलेलं मशीन असेल तर तो वापरा. मग पहिल्या टिपेच्या बाहेर, मायेच्या बाजूला, एका सुतावर दुसरी टीप मारा. वळणाला कात्रीने चिरा देऊ नका. ब्लाउजच्या गळ्याची सवय इथे आड येते. चीर हीच फाटण्याची सुरुवात होते. त्याऐवजी खालच्या वळणातली माया कापून दोन-तीन सुतं ठेवा आणि कडा ओव्हरलॉक करा. तिथे शिवण इस्त्रीने उघडून बसवू नका, उभीच राहू द्या.

इलॅस्टिकबद्दल थोडकंच. तुळशीबागेत पाऊण इंची किंवा इंची, विणलेलं आणि ताणून सोडल्यावर पूर्ण परत येणारं घ्या. कमरेच्या मापापेक्षा दीड ते दोन इंच कमी, शिवाय जोडायला १ इंच. २० इंच कमरेला साडेएकोणीस इंच कापते मी. नेफ्यात गुंडाळू नये म्हणून दोन्ही बाजूच्या शिवणींवर उभी टीप मारून अडकवून ठेवा. मागच्या मध्यावर नेफ्यात छोटी फित शिवा, मुलाला स्वतःला मागची बाजू ओळखता येते. पुढची-मागची उलट घातलेली पॅन्टही उतरतेच, आणि तेव्हा आपण बेताला दोष देत बसतो.

शिवून तयार असलेल्या पॅन्टचं काय

टाकू नका. मागून उतरत असेल तर मागचा नेफा बाजूच्या शिवणींपर्यंत उसवा. साध्या कापडाची पट्टी घ्या, मध्यावर कमी पडणाऱ्या लांबीइतकी रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती, शिवाय वर-खाली शिवणीची माया. ती पॅन्टला जोडून मग तिच्यावर नेफा परत चढवा. हत्तींच्या वर निळ्या रंगाचा पट्टा मुद्दाम लावल्यासारखा दिसतो.

आसनात फाटलेली असेल तर सांध्यापासून चारही बाजूंना शिवण अडीच-अडीच इंच उसवा: दोन्ही पायांच्या आत, पुढे आणि मागे. मध्ये चौकोनी भोक पडतं. पाच इंच बाजूचा चौकोन, भोवती अर्धा इंच माया ठेवून, त्यात बसवा. चौकोनाचं एकेक टोक एकेका शिवणीकडे येईल असा. टोकांवर सुई कापडात ठेवून दाबपट्टी उचला आणि कापड वळवा, तिथे घाई झाली की भोक राहतं. या चौकोनाने मांड्यांमध्ये जागा होते. उसवलेली पॅन्ट वापरात असेल तर मी हाच उपाय आधी करते, बेत नंतर सुधारते.

विरलेल्या कापडावर मात्र हा चौकोन धरत नाही, शेजारी पुन्हा फाटतं. ती पॅन्ट गुडघ्याखाली कापून तुकडे जपून ठेवा. पुढच्या साध्या पॅन्टला त्याचे खिसे होतात. माझ्या मुलीच्या त्या पहिल्या पॅन्टचे हत्ती सध्या तिच्या धाकट्या भावाच्या खिशावर आहेत.